मजला नसलेली खिडकी

हे खरं आहे असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. भुताखेतांच्या गोष्टींच्या या पानावर सगळेच तसं म्हणतात.

पुरावा म्हणून माझ्याकडे बोटभर लांबीची एक काचेची पट्टी आहे. मधोमध तडकलेली. ती दाखवली तर कोणीही म्हणेल, आजी, असल्या काचा रस्त्यावर ढिगाने पडलेल्या असतात. बरोबर आहे. म्हणून मी ती कोणाला दाखवत नाही. नुसतं सांगते.

माझ्या गोष्टीत उलट्या पायांचं कोणी नाही. मध्यरात्र नाही, स्मशान नाही. जे झालं ते भर वस्तीत, दिवेलागणीला, हॉर्नच्या कलकलाटात झालं. रस्त्यावर ही गर्दी होती.

कोणी वर पाहिलं नाही, एवढंच.

चार वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. आमच्या शहराच्या ऐन मध्यावर बाळंतपणाचं एक जुनं इस्पितळ होतं. दगडी, तळमजल्यावर दोन मजले, रस्त्याकडे तोंड करून उभं. अर्धं शहर तिथे जन्मलं. माझी लेकही तिथलीच.

ही लेक पुढे शिकून इंजिनियर झाली. पण लोकांची मुलं नव्या इमारती उभ्या करतात आणि चार पैसे गाठीला बांधतात. आमच्या बाईसाहेब पडायला आलेल्या इमारतींना टेकू देत फिरतात. लग्न केलं नाही. मी विषय काढला की म्हणायची, "आई, मला माझ्या वयाचं काही आवडतच नाही गं. शंभरीच्या पुढचं स्थळ असेल तर बघ."

आम्ही दोघीच राहतो. तिचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

इस्पितळ मधल्या काळात शहराबाहेर गेलं. इमारत ओस पडली. आधी कबुतरं आली, मग दारुडे आले, आणि मग त्या जागेला सोन्याचा भाव आला. तेव्हा कुठे सगळ्यांना आठवलं की अरे, हा तर आपला वारसा.

लेकीने ती इमारत वाचवायला जीव काढला. खोल्या राहू द्या, जिना राहू द्या, ते लांबलचक व्हरांडे राहू द्या म्हणून बैठकांमागून बैठका केल्या. बिल्डर गोड बोलायचा. पालिकेचे साहेब मान डोलवायचे. चहा यायचा, बिस्किटं यायची. आणि शेवटी निर्णय आला.

समोरची भिंत तेवढी ठेवायची. मागचं सगळं पाडायचं.

मागे काचेचा उंच टॉवर होणार, आणि त्याच्या पायाशी ही दगडी भिंत. मुखवट्यासारखी.

त्या दिवशी ती घरी आली, चपला न काढताच खुर्चीत बसली.

"आई, सगळं जाण्यापेक्षा एवढं तरी राहिलं."

मी म्हटलं, "माणूस गेल्यावर त्याचा चेहरा तेवढा सोलून भिंतीवर लावला, तर त्याला माणूस राहिला म्हणायचं का?"

माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट. तिने उठून ताटं वाढली. आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो.

मग पाडकाम झालं. खोल्या गेल्या, जिना गेला, फरश्या गेल्या. मागे एक भला मोठा खड्डा उरला. पुढची भिंत मात्र उभी. मागून तिला तिरपे लोखंडी खांब लावले होते, कुबड्या द्याव्यात तसे. तिच्या सगळ्या खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसायचं. डोळे काढून घेतल्यावर खोबण्या उरतात ना, तशा त्या खिडक्या.

मी एकदा रिक्षातून जाताना पाहिलं आणि मान फिरवली.

आता ते काचेचं सांगते, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

जुन्या भिंतीला भेगा असतातच. म्हातारीच्या कपाळाला आठ्या असाव्यात तशा. प्रश्न एवढाच असतो की भेग जुनी आहे, की अजून रुंदावते आहे. ते कळायला हे लोक एक साधी युक्ती करतात. भेगेच्या दोन्ही काठांना धरून काचेची पातळ पट्टी पक्की चिकटवून टाकतात. भिंत केसभर जरी सरकली तरी पट्टी तडकते. लोखंड वाकेल, लाकूड ताणलं जाईल, काच तसलं काही करत नाही.

लेक सगळ्यांना सांगायची, "काच खोटं बोलत नाही."

भिंतीला जागोजागी अशा पट्ट्या लावल्या. सगळ्या शाबूत राहिल्या.

एक सोडून.

दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खिडकी. तिच्या दगडी कट्ट्याखाली आतल्या बाजूने एक भेग होती. तिथली पट्टी तडकली.

नवी लावली. तीही तडकली. आणखी एक लावली...

तीही.

सकाळी पाहावं तर पट्टी शाबूत. दुपारी शाबूत. दिवे लागायच्या सुमाराला खालच्या चौकीदाराला बारीकसा आवाज यायचा.

टिक्.

आधी लेकीला वाटलं, खड्ड्यातल्या यंत्रांचा हादरा बसत असेल. तिने संध्याकाळची यंत्रं बंद करवली. पट्टी तडकली. मग वाटलं, हा बिल्डरच्या माणसांचा उद्योग. तिथे पोचायला एकच मार्ग होता, वरून दोरांनी सोडलेला झुला, रंगारी वापरतात तसला. त्याला तिने कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

पट्टी तडकली.

दुर्बिणीच्या यंत्राने मोजणी केली. भिंत तसूभरही हलली नव्हती. पण साहेबांना यंत्रातले आकडे नको होते, त्यांना काच पुरे होती. ते म्हणाले की पाहणी जवळ आली आहे, तोवर ही तडतड थांबली नाही तर भिंत धोकादायक ठरवावी लागेल. रस्त्यावरून लोक जातात. उद्या कोणाच्या डोक्यात पडली तर कोण जबाबदार? पाडून टाकू. निघताना हसून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच म्हणता ना, काच खोटं बोलत नाही?"

बिल्डर शेजारीच उभा होता. त्याने लेकीसाठी खुर्ची मागवली. फार अदबशीर माणूस.

सगळ्या इमारतीतून एवढी एक भिंत तिच्या हाती उरली होती. तीही जाणार होती. लेकीला झोप येईना. रात्री दिवा लावून बसायची, नखं खायची, लहानपणी खायची तशी.

आणि एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी पाणी दिलं. तिने ते हातात नुसतं धरून ठेवलं. मग बोलायला लागली.

त्या दिवशी ती स्वतः झुल्यात बसून वर गेली होती. एकटीच. आतल्या बाजूने, त्या खिडकीच्या अगदी जवळ. नवी पट्टी लावली आणि तिथेच थांबून राहिली. आज डोळ्यांसमोर काय होतं ते बघूच, म्हणून. खाली खड्डा, खड्ड्यात काळोख साचायला लागलेला. पलीकडे रस्त्यावरचे दिवे एकेक करून लागत होते.

आणि तिच्या मागून आवाज आला...

पावलांचा.

अनवाणी पावलांचा. फरशीवर तळवा चिकटतो आणि सुटतो, तसला. सावकाश. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं ओढत आणायचं. अंग ठणकत असताना माणूस चालतं तसं.

"आई, तिथे फरशी नाहीये." लेक म्हणाली. "तिथे काहीच नाहीये. मी मागे वळून बघितलं. माझ्यामागे नुसती हवा होती."

पावलं जवळ आली. तिच्या झुल्याच्या बाजूने गेली. झुला हलला नाही. पावलं खिडकीशी थांबली.

कट्ट्यावर पाडकामाची धूळ साचली होती. बोटभर जाड. लेकीच्या डोळ्यांदेखत त्या धुळीत दोन खळगे पडले. शेजारी शेजारी. गोल, लहान...

कोपरं टेकल्यासारखे.

आणि खालची पट्टी तडकली. टिक्.

लेकीने पेला खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. तिने आयुष्यात मला कधी त्या नजरेने पाहिलं नव्हतं.

"आई, त्या खिडकीत काय व्हायचं गं?"

मग मी तिला सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण हे आठवणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही, आणि भिंतीवर लावलेल्या पितळी पाटीवर यातलं अक्षर नाही.

त्या काळी बाळंतिणींच्या वॉर्डात पुरुषांना पाऊल टाकायला मनाई होती. पुरुषच काय, सासवांनाही. मुख्य परिचारिकेला सगळे मोठ्या बाई म्हणायचे, आणि मोठ्या बाईंपुढे डॉक्टरचंही काही चालायचं नाही. मग बापाने मूल बघायचं कसं?

तर रोज दिवेलागणीला दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खिडकी उघडायची. खाली, रस्त्यापलीकडच्या फूटपाथवर, सगळे बाप माना वर करून उभे. आम्ही बाया एकेक करून खिडकीशी जायचो. कट्ट्यावर कोपरं टेकायची आणि मूल दोन्ही हातांनी वर धरायचं.

ज्याचं असेल त्याने खालून हात उंचावायचा. म्हणजे पाहिलं, ओळखलं, हे आमचं.

हात उंचावेपर्यंत बाईने खिडकीतून हलायचं नाही. मोठ्या बाईंचा नियम. एवढ्या लांबून सगळी मुलं सारखीच, नुसती गाठोडी. एक जाड भिंगाच्या चष्म्याचे गृहस्थ दिसेल त्या गाठोड्याला हात उंचावायचे. शेवटी मोठ्या बाई वरून ओरडल्या, "अहो, किती घ्याल? एक तुमचं, बाकीची लोकांची आहेत." सगळा रस्ता हसला होता.

आमच्या ह्यांनी तर दोन्ही हात उंचावले. छत्रीसकट. मागच्याच्या डोक्याला लागली.

एवढं लेकीला ठाऊक होतं. छत्रीची गोष्ट तिने वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. पुढचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. बाळंतपणाच्या गोष्टींत कोणी असलं सांगतं का?

माझ्या शेजारच्या खाटेवर एक पोरगी होती. पोरगीच म्हणायची, माझ्यापेक्षाही लहान. अंगाने काडी. नवरा कुठल्याशा धरणाच्या कामावर लांब गेलेला. त्याला निरोप धाडला होता, येतो म्हणाला होता.

माझ्यानंतर एका दिवसाने तिची सुटका झाली. मधे नुसता पडदा होता, मला सगळं ऐकू आलं. ती ओरडायची थांबली. मग सगळे गप्प झाले. बाळ रडायची वाट बघत होते.

मी श्वास ऐकला. रडण्याआधी मूल आत ओढून घेतं ना, तो श्वास. हुंदक्यासारखा, लहानसा.

आणि मग...

काही नाही.

तो आत गेलेला श्वास बाहेर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकी उघडली. बाया रांगेला लागल्या. ती पोरगी खाटेवरून उतरली. तिने उशी दुपट्यात गुंडाळली, नीट, डोक्याच्या बाजूला टोपी केल्यासारखं टोक दुमडून. आणि अनवाणी पाय ओढत खिडकीकडे निघाली.

मी म्हटलं, "अगं, कुठे?"

ती म्हणाली, "ते खाली येऊन उभे राहतील. सगळ्यांना काही ना काही दाखवतील. त्यांना कोणीच काही दाखवणार नाही, असं नको व्हायला."

तिने कट्ट्यावर कोपरं टेकली. गाठोडं वर धरलं.

खाली कोणाचाच हात उंचावला नाही. तिचा नवरा आलेला नव्हता. एकेक बाप पांगला. दिवे लागले. मोठ्या बाई आल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. म्हणाल्या, चल बाळा. तर ती म्हणाली, "बाई, अजून हात झाला नाही."

रोज संध्याकाळी तेच. उशी, दुपटं, खिडकी.

मग एका सकाळी मी उठले तर तिच्या खाटेवर नवी चादर. मी मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घरी गेली.

तिच्या चपला खाटेखालीच होत्या.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. ती शास्त्र शिकलीय, ती असलं मानत नाही. मला वाटलं आता म्हणेल, आई, काहीतरीच तुझं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आम्ही खिडकी ठेवली आणि तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली."

 

दुसऱ्या दिवशी मी लेकीला न सांगता तिथे गेले.

पाहणी दोनच दिवसांवर आली होती. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पोरीची भिंत वाचावी. आणि त्या पोरीला कोणीतरी एकदा हात करावा. इतक्या वर्षांत कोणी केला नव्हता, आणि आता तर कोणी वरही बघत नव्हतं.

बाप उभे राहायचे तो फूटपाथ आता फूटपाथ म्हणावा असा राहिलेला नाही. मोबाईलची दुकानं, उभ्या केलेल्या दुचाक्या, त्यातून वाट काढणारी माणसं. खांद्याला धक्के बसत होते. एकाने "आजी, बाजूला व्हा ना" म्हणून मला दुकानाच्या पायरीला टेकवलं. समोर ती भिंत. पहिला मजला, दुसरा मजला, सगळ्या खिडक्यांतून मावळतीचं आकाश दिसत होतं. तांबूस.

मी वाट पाहिली. दिवे लागायला लागले.

सगळ्या खिडक्यांतून आकाश दिसत होतं...

शेवटच्या खिडकीतून दिसेनासं झालं.

कोणी उभं नव्हतं हो. आकृती नाही, चेहरा नाही, काही नाही. नुसतं तिथलं आकाश नव्हतं. तेवढी एक खिडकी काळी. खोलीत दिवा लावायचा राहिला असावा तशी. जणू मागे अजून खोली होती.

मग त्या काळोखातून थोडासा काळोख वर उचलला गेला. लहानसा. गाठोड्याएवढा.

 दुखऱ्या खांद्याने माझा हात कधी डोक्याच्या वर जात नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या हाताने त्याला आधार दिला आणि उंचावला. पूर्ण उंचावला.

एक रिक्षा कचकन समोर थांबली.

"कुठे जायचं, आजी?"

मी हात खाली घेतला. वर पाहिलं. खिडकीत आकाश होतं. तांबूस, इतर खिडक्यांसारखंच. रस्त्यापलीकडून टिक् ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी मला ठाऊक होतं, आज पट्टी तडकली नाही.

रिक्षावाल्याने पुन्हा विचारलं. मी बसले. पत्ता सांगितला. गार वारा लागत होता म्हणून पदर सारखा करायला गेले, तर डावा हात हलेना.

कोपरात वाकला होता. पोटाशी. तळवा वर.

मी सरळ करायला गेले. होईना. दुखत नव्हता, अवघडला नव्हता. नुसता तसाच राहिला. खड्ड्यातून रिक्षा उडाली की आपसूक अंगाशी घट्ट व्हायचा.

कोणी न शिकवता बाईचा हात ज्या एका कामासाठी वाकतो, तसा.

घरी दार लेकीने उघडलं. तिची नजर माझ्या तोंडावर नाही गेली. हातावर गेली.

"आई, काय आणलंस?"

"काही नाही," मी म्हटलं.

उंबरा ओलांडून आत आले आणि हात सुटला.

पट्टी त्या दिवशी तडकली नाही. नंतरही नाही. साहेब आले, झुल्यात बसायची त्यांची छाती झाली नाही, खालूनच बघितलं आणि भिंत पक्की आहे असं सांगून गेले. लेकीने मला मिठी मारली. मी संध्याकाळी कुठे गेले होते ते तिला तोवर कळलं होतं. म्हणाली, "कोणीतरी एकदा बघायला हवं होतं, एवढंच होतं ना, आई? झालं. संपलं."

त्या खिडकीखालची शेवटची तडकलेली पट्टी तिने मला आणून दिली. आठवण म्हणून.

टॉवर झाला. उद्घाटन झालं. मोठमोठी माणसं आली, शहराने आपला वारसा कसा जपला यावर तासभर बोलली. लेकीला पुष्पगुच्छ मिळाला. त्या भिंतीमागे आता बाथरूमच्या फरशांचं आणि नळांचं दुकान आहे. खिडक्यांना काळ्या काचा बसवल्यात आणि काचेमागे वीतभर अंतरावर सिमेंटचा खांब. आत कोणाला उभं राहता येणार नाही. बाहेरून मात्र पिवळे दिवे सोडलेत. फोटो छान येतात. तरुण मुलंमुली तिथे उभी राहून काढतात.

मी सवयीने शेवटच्या खिडकीकडे पाहिलं. रिकामी होती.

असणारच.

मला त्याच रात्रीपासून ठाऊक होतं. हात उंचावणं म्हणजे नुसतं पाहिलं असं नव्हतं ना. हे आमचं, असं होतं. नियम मोठ्या बाईंचा होता, मी तो पाळला आणि त्या पोरीनेही पाळला. तिने दिलं. मी घेऊन आले.

आमच्या घरी रोज दिवेलागणीला माझ्या खोलीत एक आवाज येतो.

श्वासाचा.

आत ओढलेल्या, लहानशा, हुंदक्यासारख्या श्वासाचा. रडण्याआधी मूल घेतं तसल्या. मी जिथे असेन तिथे थांबते. हातातलं भांडं हातात राहतं. आता रडेल, आता रडेल...

रडत नाही.

लेकीला पहिले काही महिने ऐकू आला नाही. मला वाटलं, म्हातारीचे कान. मग एकदा आम्ही दोघी टीव्ही बघत होतो. आवाज आला. लेकीने काही न विचारता टीव्ही बंद केला. आम्ही दोघी ऐकत बसलो. पुढचं काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने ती उठली आणि माझ्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं, आत कोणी झोपलेलं असताना ओढतात तसं.

त्यावर आम्ही बोललो नाही. अजून बोललेलो नाही.

मी खाटेच्या कडेला झोपते. भिंतीकडची जागा मोकळी ठेवते. सकाळी तिथली चादर किंचित चुरगळलेली असते. इथे वाचणाऱ्यांना याची भीती वाटेल. मला खरं सांगायचं तर वाटत नाही. या वयात रात्री अंगाशी काहीतरी असलं की बरं वाटतं. या शहराला दगड ठेवून घ्यायचे होते, त्याने दगड ठेवले. उरलेलं कोणीतरी ठेवायला हवं होतं.

भीती वेगळ्याच गोष्टीची आहे.

आमचा फ्लॅट बराच वर आहे. संध्याकाळी श्वास ऐकू आला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. कधीपासून ते आठवत नाही. कठड्यावर कोपरं टेकते. डावा हात आपोआप वाकतो.

आणि खाली पाहते.

परवा संध्याकाळी खाली पार्किंगच्या तोंडाशी एक माणूस उभा होता. लांबच्या कामावरून आल्यासारखा, खांद्याला पिशवी. गाड्या त्याच्या अगदी जवळून आत येत होत्या. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. कोणी त्याला बाजूला व्हा म्हणत नव्हतं.

तो मान वर करून आमची बिल्डिंग बघत होता. एकेक खिडकी. खालच्या मजल्यापासून. सावकाश, शोधत.

काल तो पुन्हा आला. त्याची नजर आमच्या खालच्या मजल्यापर्यंत पोचली आणि दिवे लागले.

आज मी खोलीचे पडदे ओढून घेतलेत. लेकीने विचारलं, का गं? मी म्हटलं, डोळ्यांवर ऊन येतं. ऊन कधीच उतरलंय, तिलाही दिसतंय.

त्याचा हात उंचावला तर द्यावं लागेल. नियम आहे.

आणि मला द्यायचं नाही.

आत्ता, हे लिहीत असताना, श्वास येऊन गेला. नेहमीसारखा. मी थांबले, ऐकत राहिले...

आज पहिल्यांदाच तो हळूच बाहेर सोडल्याचाही आवाज आला.